आक्काच्या गोठ्यातले घर

जालना म्हटले की आमच्या पुण्याच्या शेजाऱ्यांना दोनच गोष्टी आठवतात: लोखंडी सळया आणि मोसंबी. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्यांना मीच ऐकवतो, आणि ते सभ्यपणे हसतात. त्यांचा दोष नाही. रेल्वेतून पाहिलेले जालने सोन्याचे वाटत नाही. त्यासाठी संभाजीनगर मागे टाकून, तुरीच्या वाणांसाठी नाव मिळवलेले बदनापूर ओलांडून, जालन्यावरून दक्षिणेला वळावे लागते. माशाच्या आकाराच्या टेकडीवर बसलेली अंबडची मत्स्योदरी दिसली, पुढे जायकवाडीचा डावा कालवा आडवा आला, की मला घरी आल्यासारखे वाटते. कारण तिथून थोड्याच अंतरावर माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, शेत आहे. आणि तीन वर्षांपासून त्या शेतातल्या गोठ्यात माझे एक घर उभे आहे. चाकांवरचे!

ही हौस मला निवृत्तीनंतर जडली. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ते वर्तमानपत्रात वाचले आणि डोक्यात किडा शिरला. एक जुनी मोठी व्हॅन घेतली. आत दोन बाक, एक शेगडी, पाण्याची टाकी, पंखा, दिवे. आक्काला मी शब्द दिला, “तुला यातून रामेश्वराला नेतो.” तिने आयुष्यात पंढरपूर आणि तुळजापूर याखेरीज काही पाहिलेले नाही. 2013 च्या दुष्काळात मोसंबीची वाळलेली झाडे तोडावी लागली तेव्हा हातची चार पाटल्यांपैकी दोन गेल्या, आणि रामेश्वरही लांबला.

पण आमच्या सोसायटीने गाडी ठेवायला नकार दिला. मग ती आक्काच्या गोठ्यात आली. दाजी म्हणाले, “दोन बैलांची जागा मोकळीच आहे. हिला वैरणबी लागत न्हाई.”

दाजींना काय ठाऊक, हिला वैरण लागते! गाडीत दोन बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी शंभर अँपिअर-तासांच्या; एक इंजिनाची, दुसरी घरातल्या दिव्या-पंख्याची. गाडी झोपली तरी तिचे घड्याळ, चोरघंटा, रेडिओची स्मरणशक्ती असे दोन-तीन जण जागेच असतात. ते सारे मिळून सहस्रांशाने मोजावी इतकी, म्हणजे पन्नास मिलीअँपिअर वीज खातात. वाचकहो, हसू नका. दिवसाला सव्वा अँपिअर-तास धरा, तीन महिन्यांच्या आत बॅटरी रिकामी. शिवाय शिशाची बॅटरी नुसती बसूनही झिजते; महिन्याला शेकडा चार-पाच, आणि उष्णता दहा अंशांनी वाढली की जवळपास दुप्पट. मे महिन्यात पत्र्याखालच्या त्या गोठ्यात काय होत असेल, ते विचारू नका. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे खडे धरतात, आणि मग ती पुन्हा पुरती भरत नाही. पहिल्या वर्षी मी चार महिन्यांनी आलो, किल्ली फिरवली, आणि गाडीने नुसता ‘टक्’ असा आवाज केला. बारा व्होल्टच्या बॅटरीत दहासुद्धा नव्हते. रामेश्वर राहिले.

दुसऱ्या वर्षी मी हुशार झालो, म्हणजे काय, तर मिस्त्रीकडून एक जुना, वजनदार चार्जर आणला. गोठ्यात वीज होती ती फक्त विहिरीच्या मोटारीची. शेतीची लाईन आठ तास. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मी भिंतीवर खडूने सूचना लिहून ठेवल्या: आठवड्यातून दोनदा लावणे, मोटार सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी लावणे, चार तासांनी न चुकता काढणे, नाहीतर पाणी उकळेल. चार्जर आपणहून थांबणारा नव्हता ना! आणि मी निश्चिंत मनाने पुण्याला गेलो.

गेल्या दसऱ्याला आलो तर आक्काचा डावा हात प्लास्टरमध्ये.

“काय झालं गं?”

“काही न्हाई. बांधावर पाय घसरला. तू चहा घे.”

खरे काय ते संध्याकाळी भाच्याने सांगितले. “मामा, लाईन रात्री दोनला यायची. आमाला उठू द्यायची न्हाई ती. म्हणायची, दिवसभर राबता, झोपा. आन् बॅटरी घेऊन जायची गोठ्यात.” बॅटरी म्हणजे हातातली, विजेरी. दोनला जाऊन चार्जर लावायचा, तिथेच खाटेवर बसायचे, सहाला काढायचा. पावसाळ्यात, सत्तरी उलटलेल्या बाईने. भिंतीवरचा खडू तिने पावसाच्या ओलीने पुसू नये म्हणून कोळशाने पुन्हा गिरवला होता.

मी तिच्यावरच चिडलो. माणूस स्वतःवर चिडला की असेच करतो.

“अरे, गाडी मेली तर तू यायचास का इतक्या वारी?” ती म्हणाली. यावर मला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा कागद घेऊन हिशेब केला. तो वर्षभर आधी करायला हवा होता. गाडीची वायर काढून ठेवली तर जागे राहणारे चोर उपाशी मरतात. उरते ती बॅटरीची स्वतःची झीज. दोन्ही मिळून दोनशे अँपिअर-तास, उन्हाळ्याची चौपट झीज धरली तरी दिवसाला दीड अँपिअर-तासाच्या आतबाहेर. एवढ्याशा भुकेसाठी रात्री दोनला पंक्ती उठवत होतो! भरलेल्या बॅटरीला जेवण लागतच नाही, अधूनमधून घोट पुरतो.

लहानपणीची आठवण झाली. पंचायतीच्या रेडिओची बॅटरी बैलगाडीतून अंबडला भरायला जाई आणि ती येईपर्यंत सगळे गाव मुके असे. तेव्हा गावात वीज नव्हती. ऊन मात्र तेव्हाही एवढेच होते.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या बाजारातून चाळीस वॉटचे एक सौर पॅनेल, एक छोटा कंट्रोलर आणि फ्यूज आणला. दोन्ही बॅटऱ्या आधी पुऱ्या भरून घेतल्या. काढताना ऋण टोकाची वायर पहिली. मग धनाला धन, ऋणाला ऋण अशा त्या शेजारी शेजारी जोडल्या, आणि ऊर्ध्वपातित पाणी घातले. भाच्याने पत्र्यावर चढून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, वीस अंश कलते बसवले. चांगल्या उन्हात ते दोन अँपिअर देते. एका दिवसाच्या उन्हात पाच-सहा दिवसांची बेगमी. पोट भरले की कंट्रोलर साडेतेरा व्होल्टच्या आसपास हात आखडतो. चार तासांचे पहारे संपले. आक्काकडे एकच काम राहिले: धूळ दिसली की सुनेला सांगून ओला फडका मारून घेणे, आणि तेही दिवसाढवळ्या.

भिंतीवरच्या सूचना मीच पुसल्या. कोळसा लवकर जात नाही.

भाऊबीजेला पुन्हा आलो. आक्काचे प्लास्टर निघाले होते. हात अजून बारीक दिसत होता. मीटर लावला: बारा पूर्णांक सात. बॅटऱ्या बसवून किल्ली फिरवली, आणि पहिल्याच फटक्याला इंजिन असे गुरगुरले की शेजारच्या म्हशीने दावे ताणले.

रामेश्वर माघात, हात बळकट झाल्यावर, असे ठरले. त्या दिवशी आम्ही शहागडपर्यंतच गेलो. गोदावरीच्या काठी गाडी उभी केली. आक्काने बाकावर पाट ठेवून मला आत बसवले, औक्षण केले, आणि शेगडीवर स्वतः चहा टाकला. नदीवर अंधार उतरला तसे मी कौतुकाने गाडीतले सगळे दिवे लावले, एकदम सहा! मला वाटले, ती हरखेल.

आक्काने वर पाहिले, आणि कप खाली ठेवला.

“बापू, एक ठेव. बाकी बंद कर आधी. बॅटरी उतरंल.”