सोल्डरिंग आयर्न फार तापतंय?

मैत्रिणींनो, इस्त्रीचा थर्मोस्टॅट बिघडला की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. खटका 'सिल्क'वर असतो आणि साडीला पिवळा डाग पडतो! हल्ली मुलांच्या विज्ञान-प्रकल्पांमुळे बऱ्याच घरांत सोल्डरिंग आयर्न आलं आहे. तेही असंच बिघडतं. फरक इतकाच की ते इस्त्रीहून कितीतरी जास्त तापतं.

माझी लेक नववीत आहे. तिच्या आयर्नच्या मुठीवर २०० ते ४५० अंशांचं चक्र आहे. गेल्या महिन्यात मी शाळेच्या वह्या तपासत होते, तेवढ्यात राळ करपल्याचा उग्र वास आला. पाहते तर चक्र २०० वर, टोक काळंठिक्कर आणि मूठ हातात धरवेना. लेकीने लगेच बटण बंद केलं. सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हवेत कशाला हे उद्योग? फेकून दे ते."

आता प्रश्न नुसत्या आयर्नचा राहिला नव्हता. मी हळूच म्हटलं, "आई, कुकरची शिट्टी अडकली म्हणून आपण वरण-भात सोडला का?" त्या हसल्या नाहीत, पण गप्प बसल्या.

मग आम्ही मायलेकी कामाला लागलो. तुमच्याकडे अशी वेळ आली तर हेच करा. आधी बटण बंद करून प्लग काढा. आयर्न स्टँडवर अर्धा तास आपोआप निवू द्या. पाण्यात बुडवू नका. निवल्यावर वायर कुठे वितळली आहे का, टोकाचा स्क्रू सैल आहे का, ते बघा. वायर खराब असेल तर पुन्हा प्लग लावूच नका.

सगळं ठीक दिसलं तर मोठ्या माणसाने जवळ उभं राहून एकदाच परीक्षा घ्यावी. चक्र सर्वांत खाली ठेवून पाच मिनिटांनी टोकाला सोल्डरची तार लावा. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेली तार १८३ अंशांना वितळू लागते. म्हणजे २०० वर ती सावकाश वितळायला हवी. तार लावताक्षणी दाट धूर निघाला, राळ काळी पडली, तर आयर्न ऐकत नाही असं समजा. कल्हईच्या भांड्यासारखा टोकावर कथलाचा चकचकीत थर हवा. टोक अति तापलं की ते काळं पडतं, कथील धरत नाही आणि थेंब गोळी होऊन गळतो.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. दुरुस्तीवाल्या काकांनी मूठ उघडून दाखवली. उष्णता कमी-जास्त करणारा आतला इलेक्ट्रॉनिक स्विच चालू स्थितीतच अडकला होता, त्यामुळे चक्र कुठेही फिरवा, आयर्न पूर्ण जोरानेच तापणार. मुठीत २३० व्होल्ट खेळतात, तेव्हा हे उघडण्याचं काम घरी करू नये. दुरुस्तीचा खर्च नव्या आयर्नच्या जवळपास जात होता, म्हणून आम्ही नवंच घेतलं. तीन पिनांचं, आणि घरातल्या अर्थिंगची खात्री करून.

आता लेकीने स्वतःच्या अक्षरात नियम लिहून भिंतीला लावले आहेत. काम खिडकीपाशी करायचं, स्वयंपाकाच्या ओट्यावर नाही. धूर नाकात घ्यायचा नाही. शिशाची तार हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही. आयर्न हातातून निसटलं तर झेलायला जायचं नाही. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही.

परवा सासूबाई चष्मा लावून ते नियम वाचत होत्या. म्हणाल्या, "उठताना प्लग काढायचा, हे राहिलं की गं लिहायचं!" लेकीने तिथल्या तिथे ते खाली लिहून टाकलं.