कारण सांगू नका

आमच्या घरात दुःखाला कारण नाही, असं कधी होत नसे. आजी रोज पोथी वाचायची. कुणाचं काही वाईट झालं की प्रारब्ध, पूर्वसंचित, मागच्या जन्मीचे भोग, यातलं एक कारण तिच्या तोंडी असायचंच. लहानपणी मला त्याचा मोठा आधार वाटे. वाण्याच्या खातेवहीसारखा साऱ्या जगाचा हिशेब कुठेतरी लिहिलेला आहे, आपल्याला फक्त तो वाचता येत नाही, या विश्वासावर झोप छान लागायची.

मग शेजारच्या काकूंचा मुलगा घटसर्पाने गेला. माझ्याच वर्गातला. भेटायला येणाऱ्या बायका एकीमागून एक सांगत होत्या, "मागच्या जन्मीचा घेणेकरी होता गं, आपलं घेतलं नि गेला." काकू मान हलवत ऐकत होत्या. मधेच उठल्या, परसात गेल्या आणि दोरीवर वाळत घातलेला त्याचा शाळेचा सदरा काढून घडी घालू लागल्या. माझी आई तेवढी त्यांच्या मागोमाग गेली. एक शब्द बोलली नाही. दोरीवरचे बाकीचे कपडे काढून शेजारी बसली आणि घड्या घालत राहिली. आईला काहीच कसं सुचलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं उशिरा निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं बसली. सोलापुराहून भाकरी आणि चादरी घेऊन जाणाऱ्या एका ट्रकमधून मीही गेलो. आमच्या गल्लीतले कीर्तनकार बुवा बरोबर होते. कर्मसिद्धांतावरचं त्यांचं निरूपण ऐकायला लांबलांबून माणसं येत.

तिथे एक म्हातारा ढिगाऱ्यापुढे बसला होता. बुवांच्या कपाळावरचा बुक्का पाहून तो म्हणाला, "महाराज, नात पाळण्यात होती. तिनं कुणाचं काय केलं होतं?" बुवांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि ढिगाऱ्यावरचा एकेक दगड उचलून बाजूला ठेवायला लागले. संध्याकाळपर्यंत ते तेच करत होते. पुढेही त्यांनी कीर्तनं केली, पण कर्माचं ते निरूपण कधी लावलं नाही. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "त्या म्हाताऱ्यापुढे जे बोलता आलं नाही, ते इथं माईकवर कशाला बोलू?"

त्या दगडांकडे पाहिलं की दुसरी गोष्टही कळत होती. तिकडची जुनी घरं माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचं छत. गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं आणखी माती चढत जाई. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच वजन त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. भूकंपाच्या दृष्टीने हा भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. सुमारे आठ हजार माणसं गेली. ती पापामुळे गेली म्हटलं की भिंतींबद्दल कुणी काही विचारतच नाही. दुःखाचं सोपं कारण सांगणाऱ्याचं मन शांत होतं आणि चौकशी तिथेच थांबते.

मोठमोठ्यांनाही हा मोह आवरलेला नाही. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. त्यांची तळमळ खरीच होती. पण ते पाप ज्यांनी सोसलं, त्यांचीही घरं त्या भूकंपात पडली असणारच. त्यांना ही शिक्षा कशाची? रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली आणि गांधीजींनी ती आपल्या 'हरिजन'मध्ये छापली. मला इथे रवींद्रनाथांचंच पटतं.

मग श्रद्धेचं काय? ती माझ्यापाशी आजही आहे, आणि ती टिकली तुकोबांमुळे. १६३०च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. त्या आपत्तीने आपल्याला देवाकडे वळवलं, असं पुढे तुकोबांनीच म्हटलं. तो त्यांचा अधिकार. स्वतःच्या दुःखाचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. पण तेच वाक्य गावातल्या कुणी त्यांच्या दारात येऊन ऐकवलं असतं, तर तो निर्दयपणा झाला असता. आणि तुकोबांनी दुसऱ्यांच्या दुःखाचं काय केलं? परंपरा सांगते की सावकारीतल्या आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. गांजलेल्या ऋणकोंना त्यांनी प्रारब्ध समजावून सांगितलं नाही, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं.

माझ्या बहिणीचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला, तेव्हा एक आप्त तिला म्हणाले, "देव आवडत्यांचीच परीक्षा बघतो." ती शांतपणे म्हणाली, "मग मी त्याची नावडती असते तर बरं झालं असतं." त्यावर खोलीत कुणापाशी उत्तर नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. तेव्हापासून अशा घरी गेलो की मी कारणांच्या वाटेला जात नाही. हे मौन श्रद्धा आटल्याचं नाही. जे आपल्याला ठाऊक नाही ते देवाच्या नावावर खपवायचं नाही, एवढी देवाची आणि त्या माणसाची बूज राखणं आहे.

आपल्या रीतीभातींना हे केव्हाच उमगलेलं आहे. मौत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि सगळ्यांना चार घास खायला लावतात. त्या कडू घासाबरोबर कुठलं तत्त्वज्ञान वाढलेलं नसतं. तेव्हा कुणाच्या घरी भेटायला जाल, तर कारण सांगू नका. डबा न्या, पाणी भरा, दवाखान्याचे आणि दाखल्यांचे कागद बघा, ते बोलतील तेवढं ऐका. आणि तेरावं झाल्यावर, येणारी-जाणारी माणसं थांबली की, पुन्हा एकदा जा.