नेटमधला बॉलर

१८९२ च्या सुमारास पुण्यातल्या युरोपियन लोकांच्या जिमखान्यावर एक मुलगा महिना चार रुपये पगारावर लागला. वय सोळा-सतरा. त्याआधी पारशांच्या एका क्लबात तो तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा. जिमखान्यावर कामं वाढली. नेट बांधायचं, टेनिसचं कोर्ट आखायचं आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना बॉल टाकायचे.

हे बाळू पालवणकर. चांभार कुटुंबातले, वडील लष्करात. डावखुरे, संथ फिरकी टाकणारे.

तिथे ग्रेग नावाचा एक कॅप्टन रोज सगळ्यांच्या आधी नेटमध्ये हजर असायचा. पुढे तो इंग्लंडात हॅम्पशायरकडून खेळला, म्हणजे बॅट्समन साधा नव्हता. बाळूंनी आऊट केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. हिशोब करून बघा : आठ वेळा आऊट केलं की महिन्याचा पगार निघाला.

पण मला या सगळ्यात एकच गोष्ट टोचते. बाळूंनी पुढे आपल्या मुलाला सांगितलं होतं की, तिथे इतके तास बॉलिंग केली, पण बॅटिंग करायला एकदाही मिळाली नाही.

एकदाही नाही.

त्या काळात बॅटिंग ही साहेबाची गोष्ट होती. खुद्द इंग्लंडातही खेळाडूंच्या दोन जाती होत्या. हौशी ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेयर’. हा भेद अधिकृतपणे संपायला १९६२ साल उजाडलं. आपल्याकडे त्यावर रंगाचा आणखी एक थर चढला. मुंबईत १८८०च्या दशकात गोऱ्यांचे पोलोचे घोडे ज्या मैदानाची माती उकरायचे, तिथेच देशी पोरांना क्रिकेट खेळायचं असे. त्यांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. म्हणजे खेळायला जागा मागणं हेसुद्धा तेव्हा राजकारणच होतं.

आणि रंगाच्या खाली जात होतीच. पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. विकेट चालत होती, कप चालत नव्हता.

पुढचा इतिहास मोठा आहे. ते मुंबईला गेले, हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात ते होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट्स घेतल्या. हिंदूंच्या संघाचं कप्तानपद मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं.

तेव्हा आमचं शहर निजामाच्या राज्यात होतं. रेल्वेसुद्धा १९०० मध्ये आली. छावणीत मात्र हैदराबाद कंटिंजंटचे इंग्रज अधिकारी होते. आज छावणीच्या रस्त्याने जाताना माझ्या डोक्यात साहेब येत नाही, नेट बांधणारा पोरगा येतो. कारण तसा एक पोरगा मला जवळून माहीत आहे.

मी बारावीला असताना शहरातल्या एका अकादमीत बॉलिंग टाकायला जायचो. फी भरणं घरी शक्य नव्हतं. मला आमखास मैदानावर टेनिस बॉलने टाकताना पाहून तिथल्या सरांनी बोलावलं होतं. फी माफ, लेदर बॉल हातात, अजून काय पाहिजे? आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, पोराला क्रिकेटच्या क्लासला घेतलंय. फी भरलेली पोरं आळीपाळीने पॅड बांधायची. मी सकाळी सहा ते आठ टाकत राहायचो.

“सर, शेवटी पाच मिनिटं मी खेळू का?”

“आज नाही रे, यांचं सिलेक्शन आहे. उद्या बघू.”

तो उद्या दीड वर्ष चालला. कुणी शिवी दिली नाही, कुणी जात विचारली नाही. नाश्त्याची केळी मलाही मिळायची. म्हणूनच त्यात चुकीचं काय, हे मला सांगता येत नव्हतं. बाळूंचं ते वाक्य पुढे वाचलं तेव्हा सांगता आलं. ज्याच्यावाचून सराव होत नाही, तो सराव करणाऱ्यांत मोजलाच जात नाही.

बाळूंच्या आणि माझ्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, याची मला जाणीव आहे. मला कुणी बाहेर बसवून चहा दिला नाही. नको असेल तर मी घरी जाऊ शकत होतो. त्यांनी घरी जाऊन काय केलं असतं? चार रुपये गेले असते.

हेच बाळू १९३७ मध्ये मुंबईत निवडणुकीला उभे राहिले, तेही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध, आणि हरले. आमच्या शहरात बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला आहे, त्यांनी उभं केलेलं मिलिंद कॉलेज आहे. बाळूंचं नाव काढलं तर माझ्या टीममधली पोरं विचारतात, “कोण, आयपीएलमधला का?” दोघांचे रस्ते वेगळे झाले, त्यावर वाद घालता येईल. पण त्या निवडणुकीत बॉल टाकून देण्यासाठी कुणीच उभं नव्हतं. दोघेही खेळायलाच उतरले होते.

गेल्या महिन्यात त्याच सरांचा व्हॉट्सॲप आला. सीझन जवळ आलाय, सकाळी नेटला येशील का, तासाचे पैसे देऊ. मी लिहिलं, येतो, पण रोज शेवटची पंधरा मिनिटं मी बॅटिंग करणार.

दोन निळ्या टिक आल्या. संध्याकाळी उत्तर आलं : “पैसे वाढवून देतो ना.”

आठ आणेच ते. मी गेलो नाही.