एका नांवाच्या दोन नौका

आमचें शिरपूर समुद्रापासून फार दूर. गांवची अरुणावती तापीस मिळते व तापी सुरतेजवळ सागरास. एवढाच काय तो आमचा समुद्राशीं संबंध. तरीही ‘खुकरी’ हें नांव बालपणापासून आमच्या मनांत रुतून बसलें आहे. १९७१ च्या डिसेंबरांत, खिडक्यांना काळे कागद लावलेल्या घरांत वडिलांनीं रेडिओवर ती बातमी ऐकली, रेडिओ बंद केला, आणि त्या रात्रीं ते जेवले नाहींत.

गतवर्षीं सपत्नीक दीवला जाण्याचा योग आला. पोर्तुगीजांच्या किल्ल्याचें वर्णन वाचकांनीं पुष्कळदां वाचलें असेल, तें सोडतों. समुद्राकडे तोंड केलेल्या एका टेकाडावर ‘खुकरी’चें स्मारक आहे व कांचेच्या पेटींत त्या नौकेची प्रतिकृति. ही इंग्लंडांत बांधलेली ब्लॅकवुड वर्गाची फ्रिगेट. काम पाणबुड्या हुडकण्याचें. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीनें पाणतीर सोडून तिलाच बुडविलें. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनीं आपलें जीवरक्षक जाकीट दुसऱ्यास दिलें आणि आपण नौकेबरोबर गेले. त्यांस मरणोत्तर महावीरचक्र मिळालें.

आपल्याकडे आजोबा गेले कीं त्यांचें नांव नातवास ठेवितात. आरमारानेंही तेंच केलें. मुंबईच्या माझगांव गोदींत नवी ‘खुकरी’ बांधली गेली; ही कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौका. (संस्कृतांत ‘नौ’ शब्द स्त्रीलिंगीच आहे, तेव्हां खलाशांप्रमाणें तिला ‘ती’ म्हणावयास आम्हांस अडचण नाहीं.) लांबी ९१ मीटर, वजन सुमारें १,३५० टन, शत्रूच्या जहाजांवर सोडावयाचीं चार क्षेपणास्त्रें, पुढें तोफ, मागें हेलिकॉप्टर उतरण्यापुरती जागा. डिझेल यंत्रें फ्रेंच नमुन्याचीं, पण परवान्यानें जुळविलीं किर्लोस्करांनीं. ज्यांचा लोखंडी नांगर आमच्या आजोबांच्या शेतांत होता तेच हे! तिच्याच वर्गांतील इतर नौकांचीं नांवेंही शस्त्रांचीं: कुठार, किरपाण, खंजर.

२३ ऑगस्ट १९८९ रोजीं ती सेवेंत रुजू झाली. त्या समारंभास संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्या समवेत कॅप्टन मुल्लांच्या पत्नी सुधाबाई होत्या. अठरा वर्षांनीं तेंच नांव पुन्हां एका नौकेच्या अंगावर रंगविलेलें पाहतांना त्या माउलीस काय वाटलें असेल, याचा विचार आम्ही टेकाडावर बराच वेळ करीत बसलों होतों.

या नौकेचें आयुष्य शांततेंत गेलें. ३२ वर्षांत अठ्ठावीस कप्तान झाले व ६,४४,८९७ सागरी मैल, म्हणजे पृथ्वीला सुमारें तीस प्रदक्षिणा, इतका प्रवास झाला. २३ डिसेंबर २०२१ रोजीं विशाखापट्टणास ती निवृत्त झाली. तथापि भंगारांत न काढतां तिला दीवला आणलें, आणि २६ जानेवारी २०२२ रोजीं संग्रहालयासाठीं येथील प्रशासनाच्या स्वाधीन केलें. आम्हीं ती किनाऱ्यावरूनच पाहिली. करड्या रंगाची, स्तब्ध.

सायंकाळीं सौभाग्यवतींनीं एका वृद्ध कोळ्यास विचारलें, “बाबा, पहिली कोठें बुडाली हो?” त्यानें जाळें खालीं ठेवून दक्षिणेकडे हात केला. तेथें नुसतें पाणी होतें.