बर्डीवर, उपवासकाळात

शुक्रवार, रात्र.

उपवासकाळाचा दुसरा आठवडा. नागपूरच्या बर्डीवर व्हरायटी चौकातून मेट्रो स्टेशनाकडे चालले होते. सकाळच्या चहानंतर पोटात काही नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी आली. फुटपाथवर संत्री विकणाऱ्या म्हातारीनं हात धरून मला आपल्या पोत्यावर बसवलं. "बस न वो बाई जराशी," म्हणाली. संत्रं सोललं, बिया काढून फोडी हातावर ठेवल्या. पैसे घेतलेच नाहीत.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेतली, ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. तेव्हापासून रोज पहाटे दार लावून प्रार्थनेला बसते आहे. देव तिथेच भेटेल असं धरून चालले होते. आणि या बाईसमोरून मी कितीदा गेले असेन! तिचा चेहरा आज पहिल्यांदा पाहिला.

कवी नारायण वामन टिळक आठवले. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शेजारी कोण येऊन बसलंय, हे त्या डब्यात त्यांना तरी कुठे कळलं असेल? अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनाही भाकर मोडेपर्यंत सोबत चालणारा येशू ओळखू आला नव्हता.

तिचं नाव विचारायचं राहिलं. उद्या बर्डीला लवकर निघेन. बोटांना सालीचा वास आहे अजून, हात धुववत नाहीत.