भाकरी हातावर, पोरं शाळेत

अंकुशनगर

प्रिय बाळा,

पत्र मिळालं. डायोजिनीस वाचून तू विचारलंस, ‘मामा, गरिबाला साधं राहा म्हणणं म्हणजे त्याला गप्प बसवणंच नाही का?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सिनोपचा हा डायोजिनीस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये मोठ्या रांजणात राहायचा. एका पोराला ओंजळीनं पाणी पिताना पाहून त्यानं जवळचा वाडगाही टाकून दिला, असं सांगतात. पुढे त्याच नगरात एपिक्युरसनं बाग घेतली. तिथं बायकांना आणि गुलामांनाही मज्जाव नव्हता. एपिक्युरसला भाकरी-पाणी पुरायचं. मेजवानीची लहर आली, तर मित्राकडे चीजचं लहानसं मडकं मागायचा. दोघांची वाट वेगळी, पण सांगणं एक: गरजा कमी केल्या की माणूस कुणाचा मिंधा राहत नाही.

आता इथलं बघ. हंगाम सुरू आहे. ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्यात. वर पाचट, आत चार भांडी, गोधड्या आणि पिठाचा डबा. पहाटेच नवरा-बायको फडात जातात. तो कोयता चालवतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते. थोरली पोरगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळत कोपीवर बसते. यांचा संसारही रांजणात मावेल एवढाच, पण मजुरीपोटी आगाऊ उचल घेतलेली असल्यानं ते पुरते मिंधे आहेत. टाकून द्यायला ज्याच्याकडे काही नव्हतंच, त्याच्या हालांना साधेपणा म्हणू नये. तुझं म्हणणं इथं खरं आहे.

पण म्हणून साधेपणाच खोटा ठरत नाही. आपले गाडगेबाबा आठव. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जेवायला गाडगं एवढ्यावर आयुष्यभर राहिला. लोकांनी दिलेल्या पैशातून मात्र त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कीर्तनात ते सांगत, कर्ज काढून सण करू नका; ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा. डायोजिनीसनं वाडगा टाकला तो स्वतः मोकळं होण्यासाठी. बाबा ताट मोडायला सांगत ते पुढची पिढी मोकळी व्हावी म्हणून. मला बाबांचं पाऊल पुढचं वाटतं.

तुझ्या लग्नाचं बोलणं चाललंय. मांडव, बॅन्जो, आहेर यांसाठी तुझ्या वडिलांना कर्ज काढू देऊ नकोस. घरच्या घरी लग्न कर आणि वाचलेल्या पैशातून कोपीवरच्या एखाद्या पोरीच्या शाळेची, राहण्याची सोय लाव. साधेपणा आपण आपल्या घरापासून धरावा. कोपीतल्या माणसाला त्याचा उपदेश करू नये.

तुझा,
मामा