मर्तबान, माठ आणि आच

लोणच्याच्या बरणीला आपल्या घरांत मर्तबान म्हणतात. म्यानमारच्या मर्तबान बंदरातून झिलईच्या मोठ्या बरण्या जहाजांनी इकडे येत, त्यावरून हे नाव पडले. मराठीतल्या 'चिनी माती'त तर चीनचेच नाव आहे. ही भांडी एवढी टणक होतात कशी, हे मुलांना दाखवावे म्हणून आम्ही उन्हाळी सुटीत भद्रावतीला गेलो.

चंद्रपूरहून नागपूर रस्त्याने गेले की हे गाव लागते. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली येथे ग्रामोदय संघ स्थापन केला. माठ-मडकी घडवणाऱ्या हातांनी चिनी मातीचे कामही शिकावे आणि त्यांचा धंदा टिकावा, ही त्यामागची तळमळ.

सगळा फरक आचेचा आहे. कुंभाराचा आवा उघड्यावर रचतात. गोवऱ्या, लाकडे, भांडी आणि वर राखमातीचे लिंपण. बरीच आच निसटून जाते. आव्यात साधारण ७०० ते ८०० अंश उष्णता मिळते, झिलईच्या टणक भांड्याला मात्र १२०० अंशांच्या आसपास लागते.

दक्षिण चीनच्या कुंभारांनी ही आच डोंगराच्या उतारावर मिळवली. खालून वर चढत जाणारा विटांचा लांब बोगदा बांधायचा आणि खालच्या तोंडाशी जाळ करायचा. गरम हवा आपोआप वर चढते, म्हणजे उतारच धुराड्याचे काम करतो. मग बाजूच्या भोकांतून खालून वर टप्प्याटप्प्याने लाकूड सोडायचे. एका वेळी हजारो भांडी भाजली जात. लांबलचक आकारामुळे तिला 'ड्रॅगन भट्टी' म्हणतात. लोंगछ्वान येथील हिरव्या झिलईच्या भांड्यांची भाजणकला युनेस्कोने २००९ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. पण अशा भट्टीला लाकूड किती लागत असेल, हे जंगलाशेजारी राहणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीकरांना सांगायला नको.

म्हणून आवा कमी दर्जाचा ठरत नाही. कमी आचेमुळे माठाला बारीक छिद्रे राहतात, त्यांतून पाणी झिरपते, वाळते आणि आतले पाणी गार होते. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात मर्तबान हे काम करू शकत नाही.

मॉलमध्ये चिनी मातीच्या कपाला आपण छापील किंमत मुकाट्याने देतो आणि रस्त्याकडेच्या कुंभाराशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. यंदा माठ घेताना तेवढे टाळू या, आणि मुलांना सोबत नेऊन आवा दाखवू या.